धुतलेला नकाशा

लोणावळ्यात कागद वाळवावा लागतो, हे घाटाखालच्या माणसाला सांगून पटत नाही. आषाढात इथे भिंतींना घाम फुटतो, काडेपेटी पेटत नाही, मिठाचे पाणी होते आणि आठ दिवस न घातलेल्या वहाणांवर हिरवी बुरशी चढते. अशा गावात मी पंचवीस वर्षे रेल्वेचे नकाशे सांभाळले. निदान लोक तसे म्हणतात. त्यांतला एक मी सांभाळला नाही. तो कसा गेला, हे आजवर मी तोंडाने तिघांनाच सांगितले आहे.

माझी खोली घाट विभागाच्या कचेरीत, इंजिनांच्या शेडच्या मागच्या अंगाला होती. पूल, बोगदे, इंजिनांचे सुटे भाग, सगळ्यांचे नकाशे तिथे असत. हे मूळ नकाशे कागदावर नसत. खळ देऊन घोटलेल्या तलम सुती कापडावर ते काळ्या शाईने काढलेले असत. कापड निळसर, आरपार दिसणारे, हातात धरले तर कुरकुर वाजणारे. त्याला आम्ही ट्रेसिंग म्हणत असू. ट्रेसिंग उन्हात एका मसाला लावलेल्या कागदावर धरले की खाली निळी प्रत उमटे. ती प्रत मुंबईच्या मुख्य कचेरीला जाई आणि मूळ कापड गुंडाळून माझ्या फडताळात राही.

या कापडाचा वैरी म्हणजे ओल. दमट हवेत त्याची खळ चिकट होते, गुंडाळी उलगडता येत नाही, ओढली तर शाई उचटते. म्हणून पावसाळ्यात दर आठवड्याला मी गुंडाळ्या काखेत मारून शेडमागच्या वाळूच्या भट्टीवर जात असे. ओल्या रुळावर इंजिनाची चाके घसरतात, म्हणून चाकापुढे वाळू सोडावी लागते, आणि ती वाळू कोरडी ठणठणीत असावी लागते. त्यासाठी ती भट्टी बारा महिने पेटलेली असे. वरच्या पत्र्यावर वाळू आणि त्याच्याही वर, हातभर उंचीवर बांधलेल्या तारेवर, माझे नकाशे.

भट्टीवर एक मिस्त्री होता. तिकोणा गडाच्या पायथ्याला तिकोणा पेठ गाव आहे, तिथला मुसलमान. वडील नालबंद, त्यामुळे भाता आणि ऐरण त्याने पाळण्यातून उतरताच पाहिलेली. माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठा. मी दिसलो की तो ओरडायचा, "या भाऊसाहेब! आज काय भाजायला आणलंय? पापड का नकाशे?"

"नकाशेच आहेत, मिस्त्री."

"मग बसा. पापड आसतं तर लगीच दिलं आसतं. नकाशाला दम लागतो."

आणि खरोखरच तो दम धरायचा. तारेवरची गुंडाळी किती वेळाने फिरवायची, कोणती अजून उलगडायची नाही, हे तो हाताच्या पालथ्या बाजूने कापडाला स्पर्श करून सांगे. इतक्या वर्षांत त्याच्या भट्टीवर माझा एकही नकाशा खराब झाला नाही. हे वाक्य पुढे माझ्यावर उलटणार आहे, म्हणून आत्ताच लिहून ठेवतो.

त्या काळी घाटातली इंजिने वाफेची होती आणि वाळूची एक मोठी अडचण होती. वाळू वाफेच्या जोराने नळीतून चाकापुढे पडे; पण पावसात चाकाने उडवलेले पाणी त्याच नळीतून वर चढे आणि नळीच्या तोंडाशी वाळूचा गोळा बसे. ड्रायव्हरने दांडा ओढला तरी वाळू पडत नसे. मग एक खलाशी, म्हणजे इंजिनावरचा हरकाम्या मजूर, हातात तार घेऊन इंजिनाच्या पुढच्या पायरीवर उभा राही आणि चालत्या गाडीत नळी टोकरत बसे. असा एक खलाशी खंडाळ्याजवळच्या चढावर घसरला आणि त्याचा पाय गेला. तो मिस्त्रीच्या शेजारच्या खोलीत राहायचा. त्यानंतर चार महिने मिस्त्रीच्या तोंडी दुसरा विषय नव्हता.

त्याने काय केले, ते सांगतो. भात्याच्या तोंडाला आत एक चामड्याची जीभ असते. हवा एका बाजूने आली की ती उघडते, थांबली की आपली आपण मिटते. नळीच्या तोंडाला तशी काहीतरी सोय करावी, असे त्याच्या मनात आले. चामडे लावून पाहिले, ते दोन दिवसांत ताठ झाले. किंतान लावले, ते कुजले. शेवटी ब्रेकच्या जुन्या रबरी नळीचा वीतभर तुकडा घेऊन त्याचे एक टोक त्याने दाबून चपटे केले आणि ते वाळूच्या नळीला चढवले. एरवी त्याचे ओठ मिटलेले राहात. वाफेच्या जोराने वाळू आली की ते उघडत, जोर थांबला की मिटत. खालचे पाणी वर चढायला वाट उरली नाही. शेडमध्ये सगळे त्याला 'चोच' म्हणू लागले.

आमच्या कचेरीच्या गोऱ्या साहेबांनी ती पाहिली, पावसात दोन इंजिनांना लावून पाहिली आणि नकाशा काढायला सांगितला. साहेब माणूस वाईट नव्हता. पण कागदाची रीत होती, की खाली सही अधिकाऱ्याची. चोचेच्या नकाशाखालीही त्यांचीच झाली, आणि पावसाने उघडीप दिली त्या एका दुपारी काढलेली निळी प्रत मुंबईला गेली. मूळ ट्रेसिंग वाळवायला मी भट्टीवर नेले, तेव्हा मिस्त्रीने ते उलगडून बराच वेळ न्याहाळले.

"भाऊसाहेब, ह्यात माझं नाव कुटं हाय?"

"नाव नसतं, मिस्त्री. साहेबांची सही असते."

"सायबानं बनवली व्हय चोच?"

"तसं नाही. पण रीत आहे तशी."

"मी घरात साधा चिमटा बनवला तरी ठसा मारतो. घाटातली सगळी इंजिनं माझी चोच लावून फिरत्याल, न् ठसा न्हाई?"

 कारखान्यात प्रत्येक कारागिराचा एक पोलादी ठसा असे. आपण केलेल्या कामावर तो ठोकायचा, म्हणजे काम बिघडले तर कोणाचे ते कळते. या ठशांची एक वही कचेरीत असे आणि तीही माझ्याच ताब्यात होती. मिस्त्रीचा ठसा म्हणजे करंगळीच्या नखाएवढा त्रिकोण आणि आत एक टिंब. तिकोण्याच्या डोंगराचा आहे म्हणे तो, आणि टिंब म्हणजे त्याचे घर.

दुसऱ्या दिवशी त्याने ठसा आणला, आणि पळसाच्या पानात एक बिब्बा. मी शाईची दौत पुढे केली, तर हसला.

"शाई कशाला? शाई धुतली जाती. बिब्बा कापड फाटलं तरी जात न्हाई. धोब्याला इचारा."

तापल्या खिळ्याने त्याने बिब्बा टोचला, वर आलेल्या काळ्या तेलात ठसा बुडवला आणि माझ्याकडे पाहिले. मी दाराकडे पाहिले. कोणी नव्हते. मी मान हलवली. नकाशाच्या डाव्या कोपऱ्यात, रिकाम्या जागेत, त्याने तो अलगद दाबला.

ते करू देताना मला धीर आला होता, तो तेवढ्यापुरताच. कंपनीच्या नकाशावर कारागिराचा ठसा मी उमटू दिला, हे साहेबांना कळले तर? त्या भीतीवर उतारा म्हणून मी एक वचन देऊन टाकले. म्हटले, "मिस्त्री, या ठशासकट दुसरी निळी प्रत काढतो आणि मुंबईला पाठवतो. मग तिथल्या दफ्तरात तुमचा ठसा कायमचा राहील. फक्त ऊन पडू दे. उन्हाशिवाय प्रत निघत नाही."

तेव्हा श्रावण होता. उन्हाचा पत्ता नव्हता. वचन खरे वाटण्यासारखे होते.

ऊन पडले. आश्विनात कडकडीत पडले. मी प्रत काढली नाही. काढायची तर साहेबांपुढे वहीत नोंद करावी लागणार, ठसा कोणाचा ते सांगावे लागणार. आज करू, उद्या करू. मिस्त्री कधी रागाने बोलला नाही. शेडच्या दारात भेटला की फक्त विचारी, "ऊन पडलं का, भाऊसाहेब?" मी हसून हात उडवी. हळूहळू शेडमधल्या इतरांनाही ते ठाऊक झाले. ते चेष्टेने तेच म्हणत. चैत्राच्या रणरणत्या दुपारीही कोणी म्हणाले, "ऊन पडलं का," की मी हातातल्या किल्ल्या चाळू लागे.

साहेब विलायतेला गेले. घाटात विजेची इंजिने आली, धूर गेला. पण रूळ ओलेच राहिले, त्यामुळे वाळूही राहिली आणि चोचही. वाफेऐवजी आता दाबाची हवा तिला उघडू लागली, एवढाच फरक. ज्या साहेबांची मला भीती होती ते नव्हते, तरी मी प्रत काढली नाही. आता इतक्या वर्षांनी का, असे नव्या साहेबांनी विचारले असते. दिरंगाईचे असेच असते. तिची लाज तिलाच पोसते. मिस्त्री निवृत्त होऊन पेठेला गेला. मला वाटले, सुटलो.

मग युद्ध आले, आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी कापड मिळेनासे झाले. त्याच सुमारास कचेरीत हुकूम आला, की ज्या नकाशांची निळी प्रत मुंबईला आहे त्यांची मूळ ट्रेसिंग इथे ठेवण्याचे कारण नाही. ती रद्द करून इंजिने पुसायच्या चिंध्यांत द्यावीत. कोणती रद्द करायची ती यादी मी करायची होती.

माझी थोरली मुलगी पहिल्या बाळंतपणाला घरी आली होती. एका सकाळी बायको म्हणाली, "अहो, बाळाच्या कापडाचं काय करायचं?"

"बाजारात मिळेल ते आणू."

"नवं नाही चालत. बारशापर्यंत बाळाला जुनं, मऊ कापड घालतात, ठाऊक नाही का तुम्हाला?"

"मग जुनं काढ."

"जुनं?" ती हसली. "घरात जुनं म्हणजे आपण अंगावर घातलंय तेवढंच. तुमचं धोतर सोडा, टाकते बाळाखाली."

कचेरीतले दोघे-तिघे रद्द झालेली ट्रेसिंग गुपचूप घरी नेत. सोड्याच्या पाण्यात उकळली की खळ निघून जाते आणि आत मलमलीसारखे तलम कापड निघते, हे सगळ्यांना माहीत होते. मीही तीन गुंडाळ्या निवडल्या. इथे मला खरे लिहायचे आहे. हाताला लागतील त्या मी घेतल्या नाहीत. मी निवडल्या. कापड मोठे आणि चित्र लहान, म्हणजे शाई कमी, अशा शोधल्या. चोचेचा नकाशा तसाच होता. उलगडल्याबरोबर डाव्या कोपऱ्यातला त्रिकोण मला दिसला. मुंबईला प्रत आहे, हुकुमात बसते, असे मी मनाशी म्हटले. त्या प्रतीत हा कोपरा कोरा आहे, हे माझ्याइतके कोणाला ठाऊक होते? टेबलावर कात्री पडली होती. बोटभर कोपरा कापून ठेवता आला असता. पण कापला असता तर आपण काय करतो आहोत हे मला कळते आहे, असे झाले असते. मी गुंडाळी मिटली आणि नकाशांच्या वहीत त्या क्रमांकापुढे लिहिले, 'रद्द'.

रविवारी दुपारी परसात घंगाळ चढवले. खळ सुटून पाणी पेजेसारखे दाट झाले. वर काळा तवंग आला. बायको काठीने कापड ढवळत होती आणि मी ओट्यावर बसून पाहात होतो. नळी गेली, ओठ गेले, साहेबांची सही गेली. दुसऱ्या पाण्यात कापड दुधासारखे पांढरे झाले.

"ही काळी टिकली काही जात नाही हो," ती म्हणाली. "तीन कोपऱ्यांची आहे. बिब्बा दिसतोय."

"राहू दे."

"राहू दे काय? बाळाच्या अंगाला लागला तर उतेल. कापून टाकते एवढं."

मी आत निघून गेलो. त्या तुकड्याचे पुढे तिने काय केले ते मी विचारले नाही. चुलीत गेला असेल असे धरून चाललो. विचारले नाही, कारण उत्तर नको होते.

बारशाला मिस्त्री आला. पेठेहून मुद्दाम, पत्र्याचा खुळखुळा स्वतः करून घेऊन. पाळण्याजवळ वाकून त्याने बाळाच्या झबल्याची बाही दोन बोटांत धरली.

"कापड झकास हाय. ह्या दिसांत कुटं मिळालं?"

"पुण्याहून आणवलं," मी म्हणालो.

"नशीबवान हाय लेकरू," तो म्हणाला. बाळाला दृष्ट लागू नये म्हणून बायकोने पाळण्याच्या दोरीला कसलीशी चिंधी बांधली होती, त्याच गाठीत त्याने खुळखुळा अडकवला. जेवला नाही, घाईत होता. शिऱ्याची वाटी तेवढी घेतली. निघताना उंबऱ्यात थांबून म्हणाला, "ऊन पडलं का, भाऊसाहेब?" आणि खोकत हसला. मीही हसलो. त्या दिवसापासून ती झबली दोरीवर वाळत घातलेली दिसली की मी मागच्या दाराने जायचो.

अशी सहा वर्षे गेली.

स्वराज्य आल्यानंतरच्या वर्षी मुंबईच्या मुख्य कचेरीतून एक गृहस्थ आले. तिशीचे, पुण्यात शिकलेले, चष्मा लावणारे. घाटात काम करताना कोणी काय नवीन शोधले, कोणत्या युक्त्या काढल्या, याचे एक स्वतंत्र दफ्तर करायचे ठरले होते, आणि त्यासाठी ते कागद गोळा करत फिरत होते. दहा दिवस माझ्याच खोलीत बसले. तिसऱ्या दिवशी त्यांनी एक निळी प्रत टेबलावर पसरली. चोच.

"ही फार हुशारीची वस्तू आहे," ते म्हणाले. "या साहेबांनीच काढली का?"

गप्प बसता आले असते. माझ्या तोंडून निघून गेले, "नाही. एका मिस्त्रीने काढली."

त्यांनी चष्मा वर केला. "कशावरून?"

"मूळ ट्रेसिंगवर त्याचा ठसा होता."

"मग ते दाखवा. तोंडी सांगितलेलं मी टीप म्हणून लिहीन, पण नोंद सही करणाऱ्याच्या नावावर राहील. ठसा दिसला तर नोंदच मिस्त्रीच्या नावावर करतो."

"शोधतो," मी म्हणालो. 'रद्द' लिहिलेली वही त्या वेळी माझ्या कोपराखाली होती.

शेडमधली बातमी पेठेला कशी पोचली कोण जाणे. पाचव्या दिवशी मिस्त्री कचेरीच्या व्हरांड्यात बाकावर बसलेला. भाताच्या गाडीत बसून आला होता. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. माझ्या पावलांवरून त्याने मला ओळखले.

"ऊन पडलं म्हणं, भाऊसाहेब!"

"या, मिस्त्री. कसे आहात?"

"डोळं गेलं, बाकी बरं हाय. ह्ये मुंबईचं सायब माझा ठसा मागत्यात म्हणं. मला दिसायचा न्हाई, पर बोटाला कळंल. काडा तो कपडा."

"गठ्ठे फार आहेत. शोधतोय."

"शोधा, शोधा. मी हाय हितंच. भाचीकडं उतरलोय, खंडाळ्याला." आणि बाकावर टेकून त्याने विडी पेटवली. रोज सकाळी तो येऊन त्या बाकावर बसू लागला. आत मी फडताळातले गठ्ठे सोडत होतो आणि पुन्हा बांधत होतो. त्यात काय नाही हे मला माहीत होते.  मुंबईचे गृहस्थ शनिवारी परत जाणार होते.

गुरुवारी दुपारी जेवायला घरी गेलो, पण भात नुसता चिवडत बसलो. बायकोने ताट सरकवले. "काय झालंय?" मग मी तिला सगळे सांगितले. ठसा, वचन, ऊन, कात्री.

सगळे ऐकून ती उठली, स्टूल घेतले, माळ्यावरून पाळणा खाली काढला. त्याच्या दोरीला अजून खुळखुळा होता, गंजलेला. त्याची गाठ तिने दाताने सोडवली. आत एक मळकी चिंधी होती. ती माझ्या ताटाशेजारी ठेवून म्हणाली, "बिब्बा होता. बिब्बा कोणी टाकून देतं का? बाळाला दृष्ट लागू नये म्हणून हाच बांधला होता."

त्रिकोण जसाच्या तसा होता. आत टिंब.

"जगाचे कागद वाळवत फिरलात," ती म्हणाली, "घरात दोरीवर काय लोंबतंय ते एकदा पाहिलं नाहीत." मग ताट पुन्हा पुढे सरकवून, "जेवा आणि जा."

चिंधी घेऊन मी गेलो. गृहस्थांनी ती उजेडात धरली, ठशांची वही मागवली, त्रिकोण ताडून पाहिला. "ठसा मिस्त्रीचाच. पण ही चिंधी त्या नकाशाची आहे, हे कशावरून?"

"मी सांगतो ना."

"लिहून द्या. नकाशा कुठे होता, त्याचं काय झालं, हा तुकडा कसा उरला. तुम्ही रेकॉर्ड सांभाळणारे, तुमच्या सहीचा जबाब चालेल. पण एक सांगतो, तो वरिष्ठ वाचतील, आणि दफ्तरात या चिंधीशेजारीच राहील. पुढे कधीही कोणी ही चोच पाहायला आलं, तर तुमचा जबाबही वाचणार."

मी टेबलाशी बसलो. नोकरीची थोडीच वर्षे उरली होती. हात आपोआप कचेरीच्या भाषेत लिहू लागला: 'सदर ट्रेसिंग दमट हवेने खराब होऊन नष्ट झाले; त्याचा शेष राहिलेला तुकडा सोबत जोडला आहे.' वाक्य सुबक होते. खोटे म्हणून कोणी पकडले नसते. लोणावळ्याची हवा कोणाला ठाऊक नाही?

"काय लिवलं, भाऊसाहेब?" व्हरांड्यातून आवाज आला. "वाचा की. माझंच हाय न्हवं?"

मी दारात उभा राहून वाचू लागलो. "सदर ट्रेसिंग दमट हवेने—"

"थांबा." विडी खाली आली. "दमट? मी भाजलेला नकाशा दमट झाला? माझ्या भट्टीवर आजपतूर एक बी खराब झाला न्हाई. तुमीच सांगा, झाला का?"

"नाही झाला."

"मग? चोच माझी म्हणून लिवणार, न् त्याच कागदात भट्टी कुचकामी म्हणून बी लिवणार? आसलं नाव मला नगं. टाका फाडून."

तो खरोखरच उठू लागला, चाचपडत. मी त्याचा हात धरला आणि तिथेच, बाकावर त्याच्याशेजारी बसून, त्याला सांगितले.  धुतला, म्हणालो. घंगाळात. नातवासाठी.

त्याने हात सोडवून घेतला नाही. पण तो हात एकदम जड झाला.

"म्हंजी बारशाला मी हात लावला, ती बाही..."

"होय."

"न् तुमी म्हणालात पुण्याचं हाय."

"होय."

"तवा का न्हाई बोललात?"

  आतल्या गृहस्थांच्या टाकाचा आवाज थांबला होता. शेवटी मिस्त्री म्हणाला, "जा. जसं झालं तसं लिवा. आन् भट्टीचं बी लिवा, का तितं एक बी नकाशा खराब झाला न्हाई."

मी पहिला कागद फाडला आणि दुसरा लिहिला. त्यात 'सदर' नव्हते. मी नेले, मी धुतले, ठसा दिसत असून धुतले. पंधरा वर्षांहून अधिक काळ प्रत काढायचे वचन पाळले नाही. आणि भट्टीचे वाक्य, त्याने सांगितले तसे. ते मी मोठ्याने वाचून दाखवले. त्याने चिंधी मागितली. गृहस्थ ती एका जाड कागदाला टाचणीने लावत होते. मिस्त्रीने अंगठ्याने त्यावर चाचपले.

"उलटा लावलाय सायेब. डोंगराचं टोक वर घ्या."

टाचणी काढून पुन्हा लावली गेली.

वरिष्ठांनी मला बोलावले, जे बोलायचे ते बोलले. नकाशांची खोली माझ्याकडून गेली. मी आता तिकिटांच्या कचेरीत आवक-जावक लिहितो. तक्रार नाही. त्या खोलीची किल्ली दुसऱ्याच्या कमरेला दिसते तेव्हा मान खाली जाते, इतकेच.

चार महिन्यांनी मुंबईचे पत्र आले. नोंद मिस्त्रीच्या नावावर झाली होती. चिंधी आणि जबाब एकाच पाकिटात, एकाच क्रमांकावर. पत्र घेऊन मी तिकोणा पेठेला गेलो. तो ओसरीवर पडून होता. सून म्हणाली, ऐकू येते, पण बोलायला दम लागतो. मी वाचून दाखवले, दोनदा. चेहऱ्यावरून काही कळले नाही. त्याने मला माफ केले का, हे विचारायचे ठरवून गेलो होतो, विचारले नाही. मग तोच बोलला.

"तितं पाऊस लय आसतो न्हवं, मुंबईला?"

"असतो. आणि समुद्राची हवा."

"मग तितं कपडा कोण भाजतं? भट्टी हाय का?"

मला माहीत नव्हते. विचारून कळवतो म्हणालो, आणि म्हणताना मला माझाच जुना आवाज ऐकू आला. म्हणून घरी येऊन आंघोळही न करता पत्र लिहिले: चिंधी ठेवली आहे ती खोली कोरडी आहे का, पावसाळ्यात ती कोण उघडते, कशावर वाळवते. उत्तर आले नाही. पंधरा दिवसांनी दुसरे लिहिले. काल तिसरे टाकले. आषाढ आठ दिवसांवर आला आहे. रविवारी मी स्वतः मुंबईला जाणार आहे. सोमवारी सकाळी ती कचेरी उघडेपर्यंत तिच्या दारात बसेन. आणि काय दिसेल ते, चांगले असो वाईट असो, तिकोणा पेठेला जाऊन सांगेन.